पलंगाखालची सुपारी

कामवाली पारखायची तर आधी सुपारी टाकावी, असं माझी आई म्हणायची. केळव्याला आमच्या वाडीत सुपारीला तोटा नव्हता. नवी बाई आली की आई एक सुपारी पलंगाखाली सरकवून ठेवी. तिथेच पडून राहिली तर बाई केर काढत नाही. नाहीशी झाली तर हातचलाख. आणून हातात दिली तर ठेवून घ्यावी.

ऐंशीच्या दशकात बोईसरला क्वार्टरमध्ये राहत असताना माझी पाठ धरली. वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. परक्या बाईच्या हाती घर द्यायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. तशात सरावलीहून एक जण आली. बोलणं कमी, नजर मात्र घरभर. मला ती पहिल्याच दिवशी आवडली नाही. मी सुपारी टाकली आणि पलंगावर पडून कान देऊन ऐकत राहिले.

ती गेल्यावर लेकीला पलंगाखाली बघायला लावलं. लादी लख्ख पुसलेली आणि सुपारी जिथल्या तिथे! दुसऱ्या दिवशीही तेच. म्हणजे उचलते, पुसते आणि परत ठेवते? आईच्या शास्त्रात हे कुठेच बसत नव्हतं. बाई चांगलीच पोचलेली आहे, अशी माझी खात्री झाली.

चार-पाच दिवसांनी ती दारातच उभी राहिली. आत येईना.

"वयनी, मला तुमचं काम नाय जमायचं."

"का गं? काय झालं?"

"पलंगाखाली काय ठेवलंय तुमी? मला करणीबिरणी नको. पोरंबाळं हायत माझी."

घ्या! मी हिच्यावर पाळत ठेवून होते आणि ही माझ्यावर. असा संताप आला! पण ती गेली तर उद्या भांडी कोण घासणार? अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी ठोकून दिलं, "करणी कसली? माझ्या पाठीसाठी ठेवलीय. केळव्याच्या देवीची आहे."

तेव्हापासून ती रोज सुपारी पुसायची, तिला हात जोडायची आणि परत ठेवायची. माझ्या संशयाची अशी पूजा चाललेली बघून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी कान मात्र मी देतच होते.

पावसाळा सरला तशी पाठ सुटली. वाकता आल्याबरोबर आधी पलंगाखाली बघितलं. सुपारी नव्हती. आई खरी ठरली, असं म्हणत मी ती यायची वाट बघत बसले.

"नेली," ती सरळ म्हणाली. "घरवाल्याची पाठ धरलीय. गोणी उचलतो ना. तुमची बरी झाली, मग तुमाला कशाला पायजे?"

"डॉक्टरला दाखवलंस?"

"सुपारी हाय ना."

खरं सांगायला जीभ रेटेना. "अगं, नुसत्या सुपारीने नाही होत," मी घाईघाईने म्हटलं. "आधी डॉक्टर, मग सुपारी. देवीचा नेमच आहे तसा."

तिने डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. "हे तवा नाय बोललात तुमी."

पण संध्याकाळी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. सुपारी तिने परत दिली नाही. मीही दुसरी टाकली नाही.