पन्नास अंशांचा इशारा

माझ्या धाकट्या भावाला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं आमच्या भावकीत ठरलेलं आहे. कुणी ठरवलं ते विचारू नये. तो पुण्यात कंपनीत आहे, गळ्यात पट्टा अडकवून फिरतो आणि तिकडे गेल्यापासून त्याचं 'हाय' जाऊन 'आहे' झालंय. एवढा पुरावा सगळ्यांना पुरला. मी वीस वर्षं बीडच्या शाळेत विज्ञान शिकवते, पण मला कोण विचारतो.

आबा, म्हणजे आमचे वडील, माझ्याकडेच राहतात. उमापुरात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. जयंती आली की मशीन झाकून ते गावोगाव जलशात गायला जायचे. तीन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि गाठीबरोबर आवाजही गेला. आता ते पाटीवर लिहून बोलतात. त्यांचं गाणं उरलं ते जुन्या कॅसेटींवर. त्या मी दिवाळीच्या सुट्टीत एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या, आणि शेवटची उतरते न उतरते तोच भावानं सगळ्या भंगारात घातल्या. म्हणे, डिजिटल झाल्यावर हा कचरा कशाला. त्याच्या डोक्यातला कचरा मात्र भंगारवाल्यानं नेला नाही.

मग मी घरात छोटा सर्व्हर घेतला आणि कॉम्प्युटरवरची गाणी त्यात हलवली. बुटाच्या खोक्याएवढा काळा डबा, आत दोन डिस्क, दोन्हींवर तीच गाणी, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. आबांचा आवाज जगात आता तेवढ्याच जागी होता. डबा ठेवला आबांच्या खोलीत, कारण इन्व्हर्टरचा पॉइंट तिथे. डिस्कला ताप सोसत नाही आणि बीडचा एप्रिल कुणाची गय करत नाही. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन पन्नास अंशांची मर्यादा घातली. त्यावर पारा गेला की मोबाइलवर मेसेज. दोघांना यायचा, मला आणि आमच्या तज्ज्ञांना.

परीक्षेच्या दिवसांत, शाळेत असताना पहिला मेसेज आला. बावन्न. दुसऱ्या दिवशी छप्पन्न. तिसऱ्या दिवशी एकोणसाठ. सकाळी निघताना डबा गार असायचा, संध्याकाळी कोमट. पंखा चालू, खिडकी उघडी. मला काही कळेना, म्हणून भावाला फोन केला. तो हसला.

"आक्का, पन्नास ही काय लिमिट आहे का? तुमच्या बीडात माणसंच पन्नासवर चालतात," म्हणाला आणि पुण्यात बसल्या बसल्या त्यानं मर्यादा सत्तर करून टाकली.

मेसेज बंद झाले. थर्मामीटर फोडून ताप उतरवण्याचाच हा प्रकार, आणि विज्ञानाच्या बाईंनी तो चालवून घेतला. पेपरांचे गठ्ठे समोर पडले होते, आणि 'काही होत नाही' असं कुणीतरी म्हणायला मला हवंच होतं.

आठवडाभरानं शाळा लवकर सुटली. भर दुपारी घरी आले तर आबांच्या खोलीतून बारीक पीं पीं ऐकू येत होतं. डब्यावर निळ्या मखमलीचं दुपदरी कव्हर होतं. आत स्पंज, कडेनं सोनेरी लेस, खाली नाडी आवळून बांधलेली. शिवण तर अशी, की दुकानात मागून मिळायची नाही. हात लावला तर तवा. मी ते ओरबाडून काढलं आणि आबांवर ओरडले, की हे कुणी करायला सांगितलं होतं तुम्हाला.

आबांनी सावकाश पाटी घेतली. लिहिलं, "धूळ लई हाय. आवाजावर बसू न्हाई म्हणून."

काम नसलं की मशीन झाकायची आणि कामाला बसताना काढायची, ही त्यांची जन्माची सवय. मी शाळेत गेले की ते डबा झाकत. संध्याकाळी मी गाणं लावायच्या आधी कव्हर काढून, घडी करून उशीखाली ठेवत.

एक डिस्क मेली होती. दुसरी अडुसष्टवर होती. ती गार होईपर्यंत मी तिथेच बसून राहिले आणि मनात भावाला शिव्या घालत होते. मग शिव्या संपल्या. तीन दिवस या खोलीतून मेसेज पुण्याला गेला, माझ्या शाळेत आला, पण दोन हातांवर बसलेल्या माणसाला गेला नाही. त्यांचा नंबर मी घातलाच नव्हता. मोबाइल त्यांच्याकडे होता, वाचताही येत होतं. आबांना काय कळतंय, असं मीच धरून चालले होते. भाऊ माझ्याबद्दल धरून चालतो, तसंच. मला स्वतःची लाज वाटली.

नवी डिस्क घातली, मर्यादा पुन्हा पन्नासवर आणली आणि आबांचा नंबर घातला. पन्नास म्हणजे काय, ते त्यांना दोन मिनिटांत समजलं. त्यांनी मखमल उसवून मच्छरदाणीच्या जाळीचं कव्हर शिवलं.

मे महिन्यात भाऊ आला. वाटेतल्या कडा गावातून फोन करून, कूलर लावून ठेवा, असा हुकूम आधीच आला होता. आल्या आल्या त्यानं लॅपटॉपची भलीमोठी बॅग डब्यावर टेकवली आणि सर्व्हर कसा सांभाळावा यावर मला शिकवायला लागला. अर्ध्या तासानं तिघांचेही मोबाइल वाजले. भावानं न बघता खिशात टाकला. आबा उठले, पाटीवर काहीतरी लिहिलं आणि ती त्याच्या तोंडासमोर धरली.

"एक्कावन्न. बॅग काढ."