जाऊबाईंचा तास

आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या लवळ्याच्या कॉलेजातल्या मुलींना भाड्यानं दिलेल्या असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुली घरी जातात आणि त्या रिकाम्या खोल्यांत आमचं लेस विणणाऱ्या बायकांचं संमेलन भरतं. क्रोशावाल्या, टॅटिंगवाल्या, पुण्याच्या, पौडच्या, सगळ्या येतात. गप्पा जास्त आणि विणकाम कमी, असं आमच्या घरातले पुरुष म्हणतात. त्यांनी एक गाठ मारून दाखवावी.

गेल्या वर्षी वेळापत्रक ठरवायला आम्ही ओट्यावर बसलो होतो. सकाळी वर्ग, दुपारी मोकळा वेळ, संध्याकाळी पुन्हा वर्ग. माझ्या थोरल्या जाऊबाई कोपऱ्यात दोऱ्याच्या गुंड्या निवडत होत्या. मला टॅटिंग त्यांनीच शिकवलेलं. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी माझ्या हातात दोरा गुंडाळलेलं बोटभर लांबीचं शटल दिलं, म्हणून या घरात माझा जीव रमला. पुढं त्यांना काचबिंदू झाला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली राखा, असं डॉक्टर म्हणाले होते. उरलेलीही राहत नव्हती.

पुण्याहून आलेल्या मैत्रिणीनं हळूच सुचवलं, "यंदा त्यांना वर्ग नको देऊया. मोकळ्या वेळेत बसू देत. ज्यांना वाटेल त्या जातील जवळ." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण जाऊबाईंचे कान शाबूत होते.

"मोकळा येळ माज्याकडं लई हाय," त्या म्हणाल्या. "समोरच्या बाईचं तोंड दिसतंय तंवर येक तास शिकवू द्या मला. मग बसवाल तितं बसंन."

माझं डोकं फिरलं. मी माझा सकाळचा वर्ग खोडला आणि तिथं त्यांचं नाव लिहिलं. मैत्रीण दिवसभर गाल फुगवून होती. फुगवू दे.

वर्गाच्या दिवशी जाऊबाई ठेवणीतलं पातळ नेसून आल्या. खिडकीच्या उजेडाला बसून त्यांनी एक कडं विणायला घेतलं. टॅटिंगमध्ये सगळ्या गाठी दोऱ्यावर सरकत्या बसाव्या लागतात, तरच शेवटी दोरा ओढल्यावर कडं मिटतं. एक जरी गाठ अडकली तरी मिटत नाही. त्यांनी दोरा ओढला. कडं मिटेना. पुन्हा ओढला. समोरच्या सगळ्यांना चुकलेली गाठ दिसत होती. पण आमच्यात रीतच आहे, मागितल्याशिवाय दुसरीच्या कामाला हात लावायचा नाही आणि चूकही दाखवायची नाही. सगळ्याजणी माना खाली घालून आपापल्या दोऱ्याकडे बघत राहिल्या, आणि त्या ओढत राहिल्या. मला ते बघवेना.

शेवटी त्यांनी हात माझ्यापुढं केला. "बघ गं, कुटली?"

"मधली, आक्का. सोडवून बघते."

"सुटत न्हाई ती. म्याच शिकवलंय न्हवं तुला? क्रोशा वडला की उसवतो, ह्ये उसवत न्हाई. काप."

मी कात्री लावली. त्यांनी नव्यानं सुरुवात केली. या वेळी त्या प्रत्येक गाठ बोटानं चाचपत होत्या. तरी कडं अडलंच. त्यांनी मला विचारलं नाही. शटल माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "म्होरलं तू शिकव." तास संपेपर्यंत त्या तिथंच ताठ बसून होत्या. मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. रडू आवरण्यातच माझा तास गेला.

आता त्यांना तोंडं दिसत नाहीत. आवाजावरून ओळखतात. परवा यंदाचं वेळापत्रक करायला मी ओट्यावर बसले, तर भिंतीला धरत धरत शेजारी येऊन बसल्या.

"सकाळच्या तासाला तुजं नाव घाल. माजं मोकळ्या येळात लिव."

मी कागदाकडे बघत राहिले.

"लिवलंस?"

"लिहिलं, आक्का."

"पेन वाजला न्हाई," त्या म्हणाल्या.

मग मी लिहिलं. त्यांना ऐकू जाईल असं, दाबून.