हरायची पगारी नोकरी

मला टेनिस येत नाही. जन्मात कधी रॅकेट हातात धरली नाही आणि धरावीशी वाटलीही नाही. तरी एका सबंध हंगामाचे टेनिसचे निकाल मी लिहिलेले आहेत, आणि तेही सामने व्हायच्या आधी. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापा. पण आधी आमची कचेरी काय चीज होती ते ऐका.

वऱ्हाड तेव्हा सी.पी.ला, म्हणजे मध्यप्रांताला, जोडलेला होता. घाटावरचं आमचं गाव थंड हवेचं, त्यामुळे साहेबलोक इथे बदली मागून यायचे. कचेरीच्या मागे त्यांचा क्लब होता, क्लबाला मुरमाचं एक कोर्ट होतं, आणि कोर्टाला एक रजिस्टर. माझं अक्षर बरं, म्हणून ते रजिस्टर माझ्या गळ्यात पडलं. डावीकडे जिंकणाऱ्याचा रकाना, उजवीकडे हरणाऱ्याचा, शेवटी सहीला जागा. सगळं इंग्रजीत. त्यात नाव कोणाचंच नसे, फक्त हुद्दे. साहेब बदलून जातो, हुद्दा जागेवर राहतो, असं आमच्या हेडक्लार्कांचं म्हणणं.

आता कचेरीची एक रीत होती. यंदा पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आलं, हे शेतात कणीस दिसायच्या आधीच कागदावर आलेलं असायचं. साहेबाच्या दौऱ्याची डायरी साहेब घोड्यावर बसण्यापूर्वी लिहून व्हायची. याला कोणी लबाडी म्हणत नसे. काम वेळेत उरकणं म्हणत. मी नवाच चिकटलो होतो आणि मला हुशारी दाखवायची भारी खाज. टेनिसचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होई. मी दिवाळीच्या सुट्टीतच मांडी घालून बसलो आणि पार होळीपर्यंतचे निकाल लिहून टाकले. त्यात अवघड ते काय? मोठा हुद्दा जिंकला, लहान हुद्दा हरला, आणि उस्ताद, त्याचं पुढे सांगतो, सगळ्यांशी हरला. हेडक्लार्कांनी वही चाळली, पाठ थोपटली आणि एकच ताकीद दिली. खाडाखोड चालणार नाही. खोडायचंच झालं तर मोठ्या साहेबांची सही पाहिजे.

पुढची पानं मी सुतळीने बांधून ठेवली. दर शनिवारी एक पान मोकळं करायचं. तहसीलदारांच्या कानात मी सकाळीच सांगायचो की आज तुमचा सामना सहा-दोनने जातो आहे, आणि ते मान डोलावून हाव म्हणायचे. मोठ्या साहेबांना हरवायची त्यांची तशीही छाती नव्हती.

उस्ताद म्हणजे क्लबाचा पगारी खेळाडू. साऱ्या जिल्ह्यात तो एकटाच. कागदावर त्याला मार्कर म्हणत, आम्ही कारकून आधी चेष्टेने आणि मग खरोखरच उस्ताद म्हणू लागलो. देऊळघाटचा माणूस. कोर्टावर मुरूम पसरायला म्हणून आला होता, कोण्या साहेबाने गंमत म्हणून हातात रॅकेट दिली, आणि अकरा वर्षं झाली तरी ती सुटली नव्हती. त्याचं काम एवढंच, साहेबांशी खेळायचं आणि हरायचं. पण कसं? साहेबाला वाटलं पाहिजे की आपण जीव तोडून जिंकलो. साहेबाची रॅकेट जिथे असेल तिथे हा नेमका चेंडू नेऊन ठेवायचा, आणि वर हळहळायचाही. त्याच्यासारखं हरणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

त्या हंगामात विक्रमही काही कमी झाले नाहीत. मुन्सफसाहेब आणि एक वकील यांचा एक सेट तीन आठवडे चालला. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, यावर वाद झाला, वकिलांनी तारीख मागितली, आणि मुन्सफांनी निकाल राखून ठेवला. तीन आठवड्यांनी त्यांनी चेंडू बाहेर होता असा निर्णय दिला, तेव्हा कोणता चेंडू हे कोणालाच आठवत नव्हतं.

पण खरा विक्रम इंजिनियरसाहेबांचा. त्या शनिवारी त्यांनी उस्तादाला सहा-चारने हरवलं असं मी लिहून बसलेलो, आणि साहेब मेहकरला, गाडीचं चाक मोडून अडकलेले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. हेडक्लार्क मात्र शांत. साहेब नसले तरी हुद्दा तर आहे, असं म्हणून त्यांनी इंजिनियरसाहेबांच्या शिपायाला पट्टा-बिल्ल्यासकट कोर्टावर उभं केलं. त्या बिचाऱ्याने भाकरी उलथावी तशी रॅकेट धरलेली. आता याच्याशी हरायचं कसं? स्वतःची सर्व्हिस उस्तादाने निमूट जाळीत घातली, ते सोपं होतं. पण शिपायाला आपल्या सर्व्हिसवर निदान एक गेम जिंकणं भाग होतं, आणि त्याचा चेंडू काही केल्या पलीकडे जाईना. शेवटी उस्ताद जाळीला वळसा घालून इकडे आला, शिपायाचा हात धरून त्याच्याकडून सर्व्हिस करवली, धावत पलीकडे गेला आणि आलेला चेंडू जाळीत मारला. असं चार वेळा. सामना संपला तेव्हा उस्तादाला धाप लागली होती आणि शिपाई जिंकल्याच्या आनंदात रडत होता. निकाल सहा-चार, अगदी रजिस्टराबरहुकूम. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आज त्या आठवल्या की माझी मलाच लाज वाटते.

माघात मोठे साहेब बदलून गेले आणि नवे आले. तरणा, सरळ माणूस. वही मागून त्यांनी सुतळीपर्यंतची पानं पाहिली आणि मला बोलावलं. अकरा वर्षांत एकही सामना न जिंकलेला खेळाडू क्लबाने काय म्हणून पोसला, असं त्यांनी विचारलं. खरं सांगावं तर आजवरच्या सगळ्या साहेबांचे विजय खोटे ठरत होते. मी नुसती वहीची सुतळी आवळत राहिलो, तेव्हा त्यांनी हुकूम सोडला. येत्या शनिवारी मार्करने त्यांच्याशी खेळावं. जिंकला तर राहील, हरला तर घरी जाईल. आणि निकाल रजिस्टरात नीट लिहा म्हणाले, कारण ते स्वतः इथे थोड्याच दिवसांचे होते. मागून येणारा साहेब ही वहीच पाहणार होता.

मी उस्तादाला सांगितलं तेव्हा तो कोर्टावर चुन्याच्या रेषा मारत होता. देऊळघाटला चार भावांत जमिनीचा एक तुकडा, आणि याचे हात आता औताला वळत नव्हते. त्याने हातातली रेष पुरी केली. मग त्याने अगदी मनापासून विचारलं, "जिंकाचं कसं असते, बाबू?"

मी काय सांगणार कपाळ! शनिवारी सगळी कचेरी कोर्टाभोवती जमली. पहिले तीन गेम साहेबांनी घेतले. उस्ताद जीव लावून मारत होता, पण चेंडू जाऊन पडायचा साहेबांच्या रॅकेटवरच. हात त्याचं ऐकतच नव्हता. तिसऱ्या गेमनंतर तो थांबला, आपल्या उजव्या हाताकडे त्याने पाहिलं, आणि रॅकेट डाव्या हातात घेतली.

डाव्या हाताला कधी कोणी हरायला लावलं नव्हतं. तो वेडावाकडा मारायचा, एक चेंडू तर हेडक्लार्कांच्या टोपीवर बसला. पण साहेबांना काही केल्या अंदाज येईना. दोन्ही बाजूंना धावून धावून त्यांच्या नाकी नऊ आले. उस्तादाने सेट सहा-चारने घेतला. साहेबांनी घाम पुसत त्याचा हात हातात घेतला, मार्कर राहील म्हणून सांगितलं, आणि मला लिहून ठेवायला बजावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते मोताळ्याच्या दौऱ्यावर निघाले. तिथेच नागपूरहून तार आली आणि ते परस्पर मलकापूर स्टेशनवरून नव्या जागी गेले.

सोमवारी कचेरी उघडल्यावर मी सुतळी सोडली. त्या शनिवारची ओळ माझ्याच देखण्या अक्षरात तयार होती. मोठे साहेब जिंकले, मार्कर हरला, सहा-चार. नवा साहेब आला की हेच वाचणार, आणि हुकुमाप्रमाणे उस्तादाला घरी पाठवणार. मी धावत हेडक्लार्कांकडे गेलो. खोडायला सही हवी, आणि सही करणारा गेलेला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सामना चुकला असंन बे. रजिस्टर चुकत नाही."

दुपारी उस्ताद आला. धुतलेला कोट घालून माझ्या टेबलापाशी उभा राहिला, आणि आपण जिंकलो ते कुठे लिहिलं आहे, एकदा पाहू द्या म्हणाला. त्याला अक्षरओळख नव्हती. मी भेकड माणूस. वही उघडली, त्या ओळीत मार्कर जिथे लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं आणि हे बघ म्हटलं.

तो वाकला. माझ्या बोटाशेजारी त्याने आपलं बोट टेकवलं आणि वरच्या ओळींवरून सावकाश वर नेलं, पानाच्या टोकापर्यंत.

"मले वाचता येत नाई, बाबू," तो म्हणाला. "पण अकरा वर्सं तुमी लोकं मले याच बाजूले लिहून राह्यले. हे हारल्याची बाजू हाये."

आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, मला रागावता तरी आलं असतं. मला इतकी शरम वाटली की मी टाक उचलला, दौतीत बुडवला आणि ती ओळ आडवी खोडली. वर लिहिलं, मार्कर जिंकला, मोठे साहेब हरले. शाई सांडली, कधी नव्हे ते अक्षर बिघडलं. सहीच्या जागी मी माझी सही केली. मग उस्तादाचं बोट धरून डाव्या रकान्यात ठेवलं. त्याने ते बराच वेळ तिथून उचललं नाही. शाई ओली होती, ती त्याच्या बोटाला लागली.

हेडक्लार्कांनी ते पान पाहिलं आणि वर कळवलं. माझा खुलासा मागवला गेला. मी खरं काय ते लिहून दिलं आणि त्यावर वरच्या कोणी विश्वास ठेवला नाही. नवे साहेब आले, त्यांनी वही उघडली, त्या एका खोडलेल्या ओळीशी थांबले, आणि मोठ्या साहेबाला हरवणारा हा गडी कोण, त्याला मुळीच सोडू नका म्हणाले. पुढच्याच शनिवारी उस्ताद त्यांच्याशी उजव्या हाताने सहा-चार हरला.

माझ्या सर्व्हिस बुकात मात्र शेरा पडला तो पडलाच. सरकारी नोंदीत विनापरवाना फेरफार. पेन्शनीत निघेपर्यंत प्रत्येक साहेबाने तो वाचला आणि असं काय केलं होतं म्हणून विचारलं. मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, की उस्ताद जिंकला होता.