‘बघून घेते मी’चं इंग्रजी

आमच्या शाळेत सगळी कागदपत्रं इंग्रजीत चालतात. रजेचा फॉर्म इंग्रजीत, नोटीस इंग्रजीत, फिनाइलच्या बाटल्यांची मागणीसुद्धा इंग्रजीत. पेठेतल्या माझ्या घरापासून शाळा चालत दहा-बारा मिनिटांवर. मी तिथं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. माझं स्वतःचं शिक्षण मात्र अकलूजजवळच्या एका गावात, मराठी शाळेत झालेलं. नोकरीला नऊ वर्षं झाली तरी स्टाफरूममध्ये इंग्रजी बोलताना मला एक बारीकशी भीती असतेच, की आता कुठंतरी चुकेल आणि समोरचं माणूस काही न बोलता नुसतं बघेल. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं त्यात या भीतीचा मोठा वाटा होता.

त्या सकाळी मी ऑफिसात चाचणीचे गुण भरायला बसले होते. समोर हेडक्लार्क त्यांच्या टेबलाशी. दुसऱ्या दिवसापासून शाळेची तपासणी होती आणि त्यांच्यासमोर फायलींचा ढीग होता. तेवढ्यात शिपाई मावशी आत आल्या. मावशी बार्शीकडच्या एका खेड्यातल्या. शाळेत अकरा वर्षं झालेल्या, तरी दरवर्षी नव्या करारावर. नवरा टॉवेल विणायच्या मागावर कामाला. शाळेच्या सगळ्या वर्गांच्या किल्ल्या त्यांच्याकडं असायच्या.

“सायेब, चार दिस सुट्टी पायजे,” त्या म्हणाल्या. “लेकीला दवाखान्यात नेलंय बार्शीला. शिजर करावं लागंल म्हनत्यात.”

“फॉर्म भरून द्या,” हेडक्लार्क मान वर न करता म्हणाले.

“मला कुटं येतंय ते. तुमीच भरा की.”

“मी किती जणांचे फॉर्म भरू? आणि भरून तरी काय? तपासणीच्या आठवड्यात कुणालाच रजा नाही. प्रिन्सिपल मॅडमनी सांगितलंय.”

“लेक एकटी हाय तितं. सासू बी न्हाय तिला.”

“अहो, मग मी काय करू? बाळंतपण काय शाळेला विचारून काढलं होतं का?”

ते हे चेष्टेत म्हणाले असावेत. पण मावशींचा चेहरा उतरला. त्यांनी हातातला किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, जरा जोरातच. म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या. बघून घेते मी.” आणि गेल्या. अर्ध्या तासात त्या एसटी स्टँडवर होत्या, असं नंतर कळलं.

मला त्या वेळी त्यात धमकी वाटली का? खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. मी गुणांची बेरीज करत होते. पण हेडक्लार्क हातातलं पेन तसंच धरून बसले होते. “ऐकलंत ना मॅडम?” ते मला म्हणाले. “ऐकलं,” मी म्हणाले. एवढ्यावरच मी साक्षीदार झाले.

दुपारी प्रिन्सिपल मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. तपासणी तोंडावर आलेली, किल्ल्या टाकून शिपाई निघून गेलेली, त्यामुळे त्या वैतागलेल्या होत्या. संस्थेचे सेक्रेटरी पुण्याला असतात. त्यांना घडलेला प्रकार त्याच दिवशी मेलनं हवा होता, इंग्रजीत, आणि शनिवारी ते स्वतः येणार होते.

“तुम्ही तिथं होतात, आणि इंग्रजीही तुमचंच,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हीच लिहा. संवाद नकोत, व्यवस्थित इनडायरेक्टमध्ये लिहा.”

मी त्यांच्याच संगणकावर बसले. त्या शेजारी उभ्या. सुरुवातीचं सरळ होतं. मावशींनी रजा मागितली, हेडक्लार्कनी फॉर्म भरायला सांगितलं, तपासणीमुळे रजा मिळणार नाही असं कळवलं. मग शेवटचं वाक्य आलं. मी टाइप केलं, ‘शी सेड दॅट शी वुड सी’.

“सी व्हॉट?” मॅडम म्हणाल्या. “वाक्य अर्धवट वाटतंय.”

वाक्य अर्धवटच होतं. मराठीत माणूस ‘बघून घेते’ म्हणून थांबू शकतं. कुणाला, कशाला, ते न सांगताही चालतं. इंग्रजीत तसं थांबता येत नाही. काय बघणार किंवा कुणाला बघणार, ते घालावंच लागतं. इंग्रजीची शिक्षिका आणि वाक्य अर्धवट. मी घाईनं ‘हिम’ घातलं. आता ‘ती त्यांना बघणार असल्याचं म्हणाली’ असा काहीतरी बावळट अर्थ व्हायला लागला. मग मी ते सगळं खोडलं आणि लिहिलं, ‘शी थ्रेटन्ड टू डील विथ हिम’. धमकी दिली. वाक्य सुबक झालं, व्याकरणात कुठंही बोट ठेवायला जागा नाही.

“आता बरोबर,” मॅडम म्हणाल्या. मी प्रिंट काढून सही केली. कुणी मला दम दिला नव्हता, काही कबूल करून घेतलं नव्हतं. तो शब्द माझाच होता.

त्याच आठवड्यात नववीला मी डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकवत होते, अभ्यासक्रमातच तो धडा होता. मुलांना सांगितलं होतं, घरी बोललं गेलेलं एक वाक्य आणा, कुठल्याही भाषेतलं, आणि ते इंग्रजीत इनडायरेक्ट करा. फळ्यावर क्रियापदं लिहिली होती. विनंती असेल तर ‘रिक्वेस्टेड’, हुकूम असेल तर ‘ऑर्डर्ड’, धमकी असेल तर ‘थ्रेटन्ड’.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. तिची आई घरी शिवणकाम करते, घरात दखनी उर्दू बोलतात. ती म्हणाली, “मिस, रोज सकाळी मी भांडी घासायला लागले की माझी अम्मी म्हणते, ‘तू जा, मैं देख लेती.’ याला कोणतं घालायचं? मी ‘थ्रेटन्ड’ घालून बघितलं, पण ते बरोबर नाही वाटत.”

वर्ग हसला. ती हसली नाही, उत्तराची वाट बघत उभी राहिली.

मी म्हणाले, “ते ‘टोल्ड’ होईल. तिनं मला जायला सांगितलं आणि म्हणाली की ती स्वतः आवरून घेईल.” हे बोलताना माझ्या हातातला खडू थांबला. स्वतः आवरून घेईल. माझं मी बघून घेईन. ऑफिसातल्या त्या वाक्याला हाही अर्थ होता, आणि तो मला तेव्हा सुचलाच नव्हता. उरलेला तास मी कसा घेतला ते आठवत नाही. मुलांना वह्यांत काहीतरी लिहायला दिलं आणि खिडकीशी उभी राहिले.

मधल्या सुट्टीत मी केबिनमध्ये गेले. “मॅडम, त्या रिपोर्टमधला एक शब्द बदलायचाय,” मी म्हणाले.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मेल गेलाय. सेक्रेटरी सरांनी वाचलाय. मावशींना नोटीस तयार झालीय, करार संपवण्याची. आता शब्द बदलला तर शाळा कशी दिसेल? आणि तुम्ही कशा दिसाल, त्याचाही विचार करा.”

मी विचार केला. केला म्हणजे घरी येऊन दोन दिवस गप्प बसले. नवऱ्यानं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाले.

शुक्रवारी मावशी परत आल्या. मुलगी झाली होती, लेक बरी होती. त्या सरळ कामाला लागल्या आणि पहिल्या तासाच्या आधीच त्यांच्या हातात लिफाफा पडला. तो घेऊन त्या माझ्याकडेच आल्या. मी स्टाफरूममध्ये एकटी होते.

“मॅडम, तुमी इंग्रजीच्या. येवढं वाचून सांगा की काय लिवलंय.”

कागद उघडला. माझंच वाक्य जसंच्या तसं तिथं होतं, खाली संस्थेचा शिक्का. मी वरच्या ओळी आधी वाचल्या, तारीख, पत्ता, विषय. वेळ काढत होते. मावशी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

“लिहिलंय की तुम्ही न विचारता गेलात,” मी म्हणाले. “आणि हेडक्लार्कना धमकी दिलीत. उद्या सेक्रेटरी साहेबांसमोर हजर राहायचं. नाहीतर करार संपेल.”

“धमकी? असं कोन म्हनलं?”

इथं मला सांगता आलं असतं की ऑफिसनं लिहिलंय. कर्ता न सांगता वाक्य करायची सोय इंग्रजीत आहे, मराठीतही आहे. पण ती बाई माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

“हेडक्लार्क म्हणाले,” मी म्हणाले. “आणि लिहिलं मी.”

मावशी अगदी हळू म्हणाल्या, “तुमी तर तितंच बसला हुता की.”

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि गेल्या. आवाज चढवला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

शनिवारी केबिनमध्ये आम्ही पाच जण होतो. सेक्रेटरी साहेब मधल्या खुर्चीत, एका बाजूला प्रिन्सिपल मॅडम, दुसऱ्या बाजूला हेडक्लार्क. मी भिंतीकडेच्या खुर्चीवर. मावशी दाराशी उभ्या, त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. साहेबांनी माझा रिपोर्ट मोठ्यानं वाचायला घेतला. ते त्या वाक्याशी आले.

“सर,” मी मध्येच म्हणाले, “हे वाक्य चुकलंय.”

“चुकलंय म्हणजे? सही तुमची आहे ना?” साहेब इंग्रजीत म्हणाले.

“माझीच आहे. पण त्या असं म्हणाल्या नव्हत्या.”

“मग तुम्ही खोटं लिहिलंत?”

प्रिन्सिपल मॅडम माझ्याकडं रोखून बघत होत्या. मी इंग्रजीत उत्तर द्यायला गेले आणि शब्दच आले नाहीत. शेवटी मराठीत बोलले. “खोटं लिहायचं नव्हतं सर. मला ते इंग्रजीत करता आलं नाही. माझं इंग्रजी कमी पडलं.”

नऊ वर्षं जे वाक्य कुणी माझ्याबद्दल बोलू नये म्हणून मी जपत होते, ते मी स्वतःच चार माणसांसमोर बोलून बसले. पण बोलले एकदाचं.

“त्या नेमकं काय म्हणाल्या?” साहेबांनी या वेळी मराठीत विचारलं.

“‘ऱ्हाऊ द्या. बघून घेते मी.’ एवढंच. ते तसंच मराठीत लिहा, अवतरणचिन्हात. अर्थ तुम्ही ठरवा.”

साहेबांनी हेडक्लार्ककडं बघितलं. “एवढंच म्हणाल्या?”

“हो सर.”

“‘तुम्हाला बघून घेते’ असं म्हणाल्या का?”

हेडक्लार्ककडून मला अपेक्षा नव्हती, पण ते म्हणाले, “‘तुम्हाला’ म्हणाल्या नाहीत सर. सूर मात्र तसा होता. किल्ल्या आपटल्या त्यांनी. आणि... मीही बाळंतपणावरून जरा नको ते बोललो होतो.”

हे शेवटचं माझ्या रिपोर्टमध्ये नव्हतंच. ते ‘इनडायरेक्ट’ करायचं मला सुचलंही नव्हतं.

साहेबांनी मावशींना विचारलं, “तुम्हाला काही सांगायचंय?”

“काय सांगू सायेब,” मावशी म्हणाल्या. “लेकीकडं जायचं हुतं. गेले.”

नोटीस मागं घेतली गेली. चार दिवस बिनपगारी धरले, न विचारता गेल्याबद्दल समज दिली, आणि मावशींना प्राथमिकच्या इमारतीत पाठवलं. किल्ल्या दुसऱ्याकडं गेल्या. त्याचं त्यांना वाईट वाटलं असणार, त्या बोलल्या नाहीत. मला जूनमध्ये नववी-दहावी मिळाली नाही. “इंग्रजीवर जरा काम करा,” प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या आणि सहावीचं वेळापत्रक हातात दिलं. मी ते घेतलं.

मावशी आणि मी एकमेकींना बघितलं की मान हलवायचो, एवढंच उरलं होतं. एकदा दिवाळीच्या सुट्टीआधी प्राथमिकच्या जिन्यात त्या पायऱ्या पुसत होत्या. मी एका पायरीवर थांबले, फरशी वाळेपर्यंत. नात कशी आहे ते विचारलं. रांगायला लागली म्हणाल्या. मग मी न राहवून विचारलंच, “मावशी, त्या दिवशी तुम्हाला खरंच काय म्हणायचं होतं?”

त्यांनी फडकं पिळलं. “राग तर आलाच हुता की मॅडम. लई आला हुता. त्या वक्ताला सायेब खाली पडलं असतं तरी मी उचलायला गेले नसते. पर मी काय करनार हुते त्यास्नी? मला गाडी गाठायची हुती.”

मी पुढच्या पायरीवर पाय टेकवून बघितला.

“वाळलंय आता,” त्या पायरीकडं बघून म्हणाल्या. “जावा तुमी, तास असंल तुमचा.”