सही करणारे मामा

आपण आपणच आहोत, हे दिवसातून चार वेळा दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, असा माणूस भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून एकच झाला, आणि तो म्हणजे आमचे मार्गासनीचे मामा. आईचे चुलतभाऊ. रस्त्यात कुणी नुसतं "राम राम, मामा" म्हटलं, तर ते त्याला पुढे जाऊ देत नसत. "मामा जगाला हायेत. नाव घे. बापाच्या नावासकट घे." समोरच्यानं निमूटपणे पूर्ण नाव घेतलं की मान हलवून "बराबर" म्हणायचे, आणि मगच त्याची वाट मोकळी व्हायची. भोरला फोटोवाल्या ओळखपत्राची झेरॉक्स काढायला गेले की काळी, खराब निघालेली प्रतसुद्धा घडी करून खिशात घालत आणि दुकानदाराला फर्मावत, "ती काच पूस बघू." "का हो मामा?" "माझं तोंड हितं ठिवून जात न्हाई म्या." तो हसत हसत फडकं फिरवायचा. मामा वाकून काचेत डोकावायचे, आत आपण उरलो नाही याची खात्री करायचे, आणि मग पायरी उतरायचे.

हे वेड जन्मजात नव्हतं. पुण्याच्या लोकांना आमच्या डोंगरउतारांवर बंगले बांधायची हौस सुटली, त्या वर्षांतली गोष्ट. एका सकाळी मामा नाचणीच्या माळावर गेले, तर तिथे तारेचं कुंपण. चौकशी केली तेव्हा कळलं, की जमीन मामांनीच विकली आहे! कचेरीतून दस्ताची नक्कल काढली, तर विकणाऱ्याच्या जागी नाव मामांचं, गाव मामांचं, आणि फोटो भलत्याच माणसाचा. दुसरा कुणी असता तर कपाळ बडवत बसला असता. मामांनी ती नक्कल माझ्यापुढे धरली. "ह्यो बघ, भाचीबाई, ह्यो मी. बरा दिसतोय न्हाई? मिशा तर माझ्यापरीस झ्याक." मग बोट खाली सरकलं आणि आवाज चढला. "पण गाढवानं अंगठा दिलाय! म्या सातवी पास, सही करणारा माणूस. जायचंच हुतं माझ्या नावानं, तर चार अक्षरं शिकून तरी जायचं!" जमीन गेल्याचा राग मोठा, की कागदावर अडाणी ठरल्याचा, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

दस्ताच्या शेवटच्या पानावर मात्र ते कधी बोट ठेवत नसत. तिथे ओळख देणाऱ्या दोघांच्या सह्या असतात: हा माणूस तोच आहे, आम्ही याला जातीनं ओळखतो. एक सही दलालाची. दुसरी मामांच्या मित्राची. त्याचं खाचर मामांच्या बांधाला लागून. दोघं जन्मभर एकमेकांची भातलावणी करत आलेले. मामी गेल्या तेव्हा तिरडीला पुढून खांदा दिला होता तो यानंच.

मी तेव्हा विशीतली. वडील छापखान्यात कामाला, त्यामुळे गोष्टींच्या पुस्तकांऐवजी पत्रकं वाचूनच वाढलेली. एका बैठकीत पत्रक लिहून काढलं: 'माणसाची जमीन चोरणं हा गुन्हा, अख्खा माणूस चोरणं हे पाप!' खाली दोन्ही नावं ठळक अक्षरांत. मामांनी चष्मा लावून सावकाश वाचलं, "लई भारी" म्हणाले, आणि माझ्याच पेनानं मित्राचं नाव खोडलं. मी चिडले. "मामा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"आसंल. पर एकदा छापलं, की त्याला माझ्याकडं यायला तोंड ऱ्हाणार न्हाई."

तो तसाही येत नव्हता. कुणीच येत नव्हतं. मामांनी दावा लावला होता; त्यांच्याशी बोललं तर कोर्टात साक्षीला उभं राहावं लागेल, या धास्तीनं गाव त्यांना टाळून जाई. रस्त्यात अडवून वदवून घेतलेलं ते नाव, तेवढंच काय ते दिवसभरात कुणी त्यांच्याशी बोलायचं. त्या वर्षी लावणीला कुणी आलं नाही आणि कुणी बोलावलंही नाही. जिथे दहाजण ओळीनं वाकायचे, त्या खाचरात एकच पाठ दिसायची. मी मदतीला उतरले, तर माझ्या ओळी वाकड्या. "पत्रकं सरळ लिवतीस, मग रोपंच का गं अशी?" मामा म्हणाले आणि बांधापलीकडे बघून हसले, तिकडून कुणी हसेल म्हणून. पलीकडे मित्राची माणसं खाली मान घालून रोपं टोचत होती.

पुढे ठशांच्या तपासणीत तो अंगठा मामांचा नाही हे निघालं. निकाल मामांच्या बाजूनं लागला, कुंपणही निघालं. पण माझ्या लक्षात राहिला तो मित्राच्या साक्षीचा दिवस. वकिलानं मामांकडे हात केला आणि विचारलं, "यांना ओळखता?" मामा बाकावरून अर्धे उठले, टोपी सारखी केली, चेहरा उजेडाकडे केला. मित्र आपल्या पायांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चष्मा न्हाई आणला, सायेब."

मामा खाली बसले.

परतीच्या वेल्हे एसटीत मामांना खिडकीची जागा मिळाली. मी शेजारी बसणार, तेवढ्यात मित्र गाडीत चढताना दिसला. मामांनी चटकन शेजारच्या जागेवर पंजा टेकवला. मी उभीच राहिले. मित्र जवळ आला, क्षणभर थबकला, आणि पार मागे जाऊन दांडा धरून उभा राहिला. कापूरहोळला गाडी खचाखच भरली. कडेवर पोर घेतलेली एक बाई वैतागून म्हणाली, "सरका की वो बाबा, मोकळीच हाय जागा."

"पोराला दे माझ्या मांडीवर," मामा म्हणाले. "पर हितं माणूस हाय."

मार्गासनी येईपर्यंत त्यांनी तो हात उचलला नाही.