सुरेखाच्या टूलचं पान

आमच्या खडकीच्या क्वार्टरमध्ये दिवसा कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, असा नियम होता. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात मजूर, रात्रपाळी करून आलेले, आणि झोपायला ती एकच खोली. शिट्टी सुटायच्या बेताला आई गॅस बंद करायची आणि फडक्याने कुकर झाकून धरायची. आम्ही तिघं भावंडं भिंतीला टेकून ओठ न हलवता पाठांतर करायचो. मी त्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणालाही सांगते, न विचारता सांगते. खराडीच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी सुरेखाला सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग काय झालं? मी पण हाय की पहिलीच. आमच्यात तर शिट्टी वाजली तरी चालायची, कुकरच नव्हता."

तिच्या भावाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातच होते. "ताई, सुरेखा गेली." एवढंच. फोन ठेवल्यावर काय करावं कळेना. चहाच्या मशीनपाशी गेले, कप भरला, तो तिथेच ठेवून परत आले, परत गेले... महिना उलटला, अजून मला एका जागी नीट बसता येत नाही.

सुरेखा मूळची खराडी गावचीच. आमच्या ऑफिसच्या खिडकीशी उभी राहून ती समोरच्या काचेच्या इमारतीकडे बोट दाखवायची, "त्या पार्किंगच्या खाली आमची विहीर हाय." होती नाही म्हणायची, हाय म्हणायची. सॉफ्टवेअर बिघडलंय का हे तपासणाऱ्या हजारो चाचण्या आमच्याकडे रात्रभर आपोआप चालतात. त्यांचे निकाल वेगवेगळ्या मशीनवर विखुरलेले असतात. ते गोळा करून सकाळी एका जागी आणून ठेवणारं टूल सुरेखाने एकटीने बनवलं. मी लिहिणारी, म्हणजे अशा वस्तू कशा वापरायच्या त्याची पानं तयार करणारी. ती मला मास्तरीणबाई म्हणायची.

टूल बनवण्यामागे एक प्रकरण होतं. एकदा सकाळी पडद्यावर 'नापास: शून्य' असं दिसलं, सगळे खूश झाले आणि नवी आवृत्ती ग्राहकाकडे गेली. दुपारपासून आरडाओरडा सुरू. मग कळलं की मशीन अडकलं होतं, रात्री एकही चाचणी चाललीच नव्हती. भरल्या मीटिंगमध्ये सुरेखा उभी राहून म्हणाली, "शून्य नापास म्हणजे सगळे पास व्हय? अवो, परीक्षाच झाली न्हाई की!" तिच्या टूलमध्ये तिने अडसरच घातला. निकाल आले नाहीत तर ते तसं स्पष्ट सांगतं, आणि माणसाने जाऊन पाहिल्याशिवाय काही बाहेर जाऊ देत नाही. लोक वैतागायचे. आमचा मॅनेजर निनाद, कर्वेनगरचा, शांतपणे म्हणायचा, "सुरेखा, तुझं टूल भलतंच बाणेदार आहे. आपल्याला मात्र पगार माल पाठवायचा मिळतो."

मग तिला पोटाचा कॅन्सर निघाला. टूलबद्दलचं सगळं तिच्या डोक्यात, कागदावर एक ओळ नाही. निनादने मला बोलावून, नजर चुकवत सांगितलं, "जमलं तर... तिच्याकडून लिहून घे." मला त्याचा राग आला. आजारी बाईला जाऊन काय विचारायचं, तुझ्या टूलला कुठली कमांड द्यायची? मी तिच्या घरी गेले आणि इकडचं तिकडचं बोलत बसले. तीच म्हणाली, "लॅपटॉप काढ. रडायला काकू मंडळी हायेत."

दर शनिवारी जायला लागले. ती उशीला टेकून बोलायची, मी लिहायचे. मध्येच डोळे मिटायची... मला वाटायचं झोपली, मी उठायला लागले की म्हणायची, "बस. संपलं न्हाई." मी कसं सुरू करायचं, कुठे क्लिक करायचं, ते ओळीने मांडत होते. एका शनिवारी तिने ते ऐकून घेतलं आणि चिडली. "कसं वापरायचं ते पोरं दोन दिवसांत शिकतील गं. ते का केलंय, ते लिही. का ते ठाऊक नसलं, की मी गेल्यावर पहिला तो अडसर काढतील. नुसता त्रास देतोय म्हणतील." तिची आई भाकरी घेऊन आली होती, ती दारातच थांबली. सुरेखा तिच्याकडे न बघता म्हणाली, "आई, मी टूलचं बोलतीया."

मी ते प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिलं. तिला वाचून दाखवलं. 'निकाल आले नसतील तर थांबा' या शेवटच्या वाक्यात मी 'प्लीज' घातलं होतं. "प्लीज कशापायी? पाया पडतीस का त्यांच्या?" प्लीज काढलं. त्या पानातलं तिने ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

ती गेल्यावर पान निनादकडे गेलं. तो म्हणाला, "छान आहे. पण आपण कादंबरी छापतोय का? कारणांचा भाग काढ, पायऱ्या ठेव." मी म्हटलं, "निनाद, तुला काढायचा तर तू काढ, आणि खाली तुझं नाव घाल. मी नाही काढणार." आवाज चढला होता माझा, लोक बघत होते. त्याने स्क्रीनवरचं ते पान बंद केलं. मग म्हणाला, "राहू दे." नुसतं माझ्यासाठी म्हणाला की पटून, अजून कळलेलं नाही, आणि तेच डोक्यात फिरत राहतं. नाइलाजाने ठेवलेली गोष्ट किती दिवस टिकते?

गेल्या आठवड्यात टूल अडलं. नव्याने आलेली वैशाली ते सांभाळत होती. तिने सुरेखाला कधी पाहिलेलं नाही. ग्राहक फोनवर फोन करत होता. शेजारचा कुणीतरी म्हणाला, "अगं, तो अडसर बंद करून टाक, नेहमीचंच आहे." मी खुर्चीतून उठले, सांगायला निघाले... आणि स्वतःला आवरून उभी राहिले. वैशालीने पान उघडलं. वाचलं, पुन्हा वर जाऊन वाचलं. मग निनादच्या टेबलाशी गेली.

"निकाल आलेलेच नाहीत. आज पाठवता येणार नाही."

निनाद म्हणाला, "उद्या पाठवू. मी सांगतो त्यांना."

एक मशीन खरंच बंद पडलेलं निघालं. अडसर तसाच आहे. सुरेखाचं टूल आता तिच्याशिवाय चालतं.