मायचा विषय

पीएच.डी.च्या समितीपुढं सरांनी माझा विषय मोठ्यानं वाचला. "मांगवाड्यातल्या सुइणींचं ज्ञान." समितीतले दोघं हसले. सरांनी माझा आराखडा पेनाच्या टोकानं माझ्याकडं सरकवला. कागदाला हात लावला नाही.

"बाई, विटाळाचं कसलं संशोधन? विद्यापीठाला शोभेल असं काही आणा."

हेच माझे गाईड. दुसरं कुणी मला घ्यायला तयार नव्हतं. मी मान खाली घातली. विषय मग त्यांनीच दिला. मराठी कवितेतील मातृप्रतिमा. मी "थँक्यू सर" म्हणाले. 

माझी माय सुईण. करमाडच्या पुढं आमचं खेडं. मोठ्या घरची बाई अडली की मायला बोलावणं यायचं, मागच्या दारानं. नाळ तिनं कापायची, वार तिनं पुरायची, रक्ताची लुगडी तिनं धुवायची. पाचवी पुजेपर्यंत बाळाला तीच न्हाऊ घालायची. पाचवी झाली की तिला उंबरा बंद. मागनं घरभर गोमूत्र शिंपायचे. पोर त्यांचं, विटाळ आमचा.

तिच्यावर लिहायचं ठरवलं तेव्हा ती ओले हात पुसत हसली होती. "माझं लिव्हणार व्हय? लई हाय. बस हितं, सांगते."

समितीनंतर मी तिला म्हणाले, "माय, आधी डिग्री होऊ दे. तुझं नंतर लिहिते."

"बरं बाई. तुझ्या सायबाचं आधी कर."

दोन वर्षं मी शहरात पुंडलिकनगरच्या खोलीतून औरंगपुऱ्यातल्या वाचनालयात जात राहिले. कवितांमधल्या आया टिपून काढत राहिले. माझी माय तासाभराच्या वाटेवर होती आणि मला वेळ नव्हता.

मग ती गेली. तापाचं निमित्त झालं. चार दिवसांत आटोपलं.

तिसऱ्या दिवशी पाटलाघरची म्हातारी आली. अंगणाबाहेरच उभी राहिली. रडत म्हणाली, "माझं दुसरं पोर आडवं व्हतं. तुझ्या मायनं पोटावरून हात फिरवून सरळ केलं. कसं केलं, म्या कधी इचारलंच नाय."

मीही विचारलं नव्हतं. मी, तिची लेक, एम. ए. फर्स्ट क्लास. चुलीपाशी जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. त्यांनी मायला विटाळ म्हटलं. मी तिला 'नंतर' म्हटलं. माझाही गुन्हा लहान नाही.

महिन्यानं सरांकडं गेले. आई गेली हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी प्रबंधाचं दुसरं प्रकरण मागितलं.

"सर, हा विषय मी सोडला."

"नोंदणी जाईल."

"जाऊ द्या."

"तुम्हाला दुसरा गाईड कोण मिळणार?"

मी न विचारता त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. नोंदणी रद्द करायचा अर्ज लिहिला, सही केली आणि निघाले.

आमच्या भागात आता दोनच म्हाताऱ्या सुइणी उरल्यात. एकीला दिसत नाही, पण पोटावर हात कसा ठेवायचा ते तिनं परवा माझाच हात धरून दाखवलं. मी ते वहीत उतरवून घेतलं. मायचं जे गेलं ते गेलं, ते आता कुणाच्याच हातात नाही. पण या दोघी जिवंत आहेत तोवर मी दुसऱ्या कुणी दिलेला विषय लिहिणार नाही. पदवी देवोत न देवोत.